जुन्या भिंतीशी नव्या रंगाची जुळणी : एक अभ्यास

कलाशिक्षणात रंगसिद्धान्त हा विषय अगदी सुरुवातीलाच येतो. रंगचक्र काढून होते, पूरक रंगांच्या जोड्या पाठ होतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाची पट्टी रंगवून होते आणि गुण पदरात पडले की वही मिटते. पण या सिद्धान्ताची खरी परीक्षा पाहणारा एक प्रश्न आपल्या घराघरांत सतत उभा राहत असतो, आणि तो सोडवण्याचे काम आपण खुशाल रंगाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. वायरिंगसाठी भिंतीला खाच मारली जाते, गळका नळ काढण्यासाठी गिलावा फोडला जातो, वर्षानुवर्षे एका जागी असलेले कपाट हलवले जाते. तेवढाच भाग दुरुस्त करून त्यावर पूर्वीच्याच रंगाचा हात द्यावा, एवढीच घरमालकाची मागणी असते. काम होते, आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा नव्या ठिगळासारखा भिंतीवर उठून दिसू लागतो. रंग जुळला नाही असा ठपका रंगाऱ्यावर येतो. कधी त्याच्या मजुरीतून पैसेही कापले जातात.

दोष खरोखर त्याचा असतो काय? की मुळात मागितलेली गोष्टच अशक्यप्राय असते? या प्रश्नाचे उत्तर रसायन, प्रकाश, डोळा आणि हात या चारही अंगांनी शोधावे लागते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे. विषय घरगुती असला तरी क्षुल्लक नाही, हे वाचकांच्या पुढे ध्यानात येईलच.

१. भिंतीवरचा रंग डब्यातला उरलेला नसतो

पाच-सात वर्षांपूर्वी ज्या कंपनीचा, ज्या क्रमांकाचा रंग लावला होता, तोच पुन्हा आणला म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण असे की कारखान्यात एका वेळी तयार झालेला घाणा आणि दुसऱ्या वेळचा घाणा यांत किंचित फरक राहतोच. म्हणून डब्यावर घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. एकाच खोलीसाठी दोन-तीन डबे लागणार असतील तर जाणता रंगारी ते आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घोटतो आणि मगच भिंतीला हात लावतो. यंत्रावर दुकानात तयार करून घेतलेल्या रंगाच्या बाबतीतही ही सावधगिरी सोडू नये.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भिंतीवरचा रंग दरम्यान बदललेला असतो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने सेंद्रिय रंगद्रव्ये, विशेषतः काही पिवळी व लाल, फिकी पडतात. गेरू व पिवडी ही लोहाची रंगद्रव्ये मात्र उन्हाला दाद देत नाहीत. त्यामुळे मिश्ररंगातील एक घटक उडून गेला आणि दुसरा टिकला, की रंग केवळ फिका न होता त्याची छटाच पालटते. हिरवट रंगातील पिवळा उडाला की तो निळसर दिसू लागतो. स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर तेलकट धुराचा पातळ थर बसतो. देवघराच्या भिंतीवर उदबत्ती आणि समईची काजळी चढते. दिव्याच्या बटणाभोवती हातांचा मळ साचतो.

तैलरंगाची तऱ्हा आणखी निराळी. जवसाच्या तेलात घोटलेला पांढरा रंग कालांतराने पिवळा पडतो, आणि हा पिवळेपणा उजेडापेक्षा अंधारात अधिक वाढतो. म्हणून कपाटामागचा भाग कधी कधी उघड्या भिंतीपेक्षा पिवळा निघतो. पाण्यात कालवलेल्या रंगांत बहुधा याच्या उलट घडते. कपाटामागचा भाग ताजा राहतो आणि बाहेरची भिंत उतरलेली असते.

सारांश, जिला आपण एका रंगाची भिंत म्हणतो तिच्यावर प्रत्यक्षात अनेक रंग नांदत असतात. खिडकीजवळचा एक, छताखालचा दुसरा, तसबिरीमागचा तिसरा. मग जुळवायचे ते कोणाशी? उत्तर सोपे आहे : ज्या जागी ठिगळ पडणार आहे, तिच्या लगतच्या भागाशी. आणि तोही आधी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून घेतलेला असला पाहिजे. धुरकटलेल्या भिंतीशी रंग जुळवला आणि पुढे भिंत पुसली गेली, तर जुळलेला रंगही बेजोड ठरतो. साध्या चुन्याला किंवा कोरड्या डिस्टेंपरला मात्र पाणी लावू नये. तो हाताला येतो. तेथे मऊ कोरड्या फडक्याने धूळ झटकणे पुरे.

२. रंगाची तीन मापे

रंग जुळवायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे. "जरा क्रीम, पण थोडा बदामीकडे झुकणारा" या भाषेने गप्पा होतात, काम होत नाही. अमेरिकेतील चित्रकार व कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली आपली रंगलेखनाची पद्धती प्रसिद्ध केली. ती आजही या कामी सर्वांत उपयोगी आहे. त्याच्या मते प्रत्येक रंगाला तीन अंगे असतात. तो लाल, पिवळा, हिरवा, निळा की जांभळा, हे पहिले. याला आपण वर्ण म्हणू. तो किती उजळ वा गडद, हे दुसरे. याला उजळपणा म्हणू. मन्सेलने त्यासाठी काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला दहा अशी पट्टी कल्पिली. तो करड्यापासून किती दूर आणि किती शुद्ध, हे तिसरे. ही त्याची तीव्रता.

या विभागणीचा व्यवहारातील फायदा असा की चूक कोठे आहे हे नेमके सांगता येते. घरातील भिंतींचे रंग बहुधा उजळपणात वरच्या पायऱ्यांवर आणि तीव्रतेत अगदी खालच्या पायऱ्यांवर असतात. अशा फिक्या रंगांत उजळपणातील चूक लांबूनही डोळ्यांत भरते. म्हणून जुळणी करताना प्रथम उजळपणा पाहावा. त्यासाठी चित्रकलेच्या वर्गातील जुनीच युक्ती कामी येते : डोळे किलकिले करून पाहणे. तसे पाहताना नमुन्याची कड भिंतीत विरून गेली तर उजळपणा जुळला असे समजावे. मग वर्ण आणि शेवटी तीव्रता. तिन्ही गोष्टी एकदम सुधारू पाहणारा माणूस डब्यात एकामागून एक रंग ओतत जातो आणि अखेरीस बादलीभर मळकट रंग पदरात पाडून घेतो.

३. प्रकाश पालटला की जुळणी पालटते

दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली शेडकार्डावरची जी पट्टी हुबेहूब वाटली, ती घरी संध्याकाळी अगदी वेगळी दिसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तंतूच्या जुन्या दिव्याचा प्रकाश सुमारे २८०० केल्व्हिन रंगतापमानाचा, म्हणजे पिवळसर. तर आकाशाच्या उजेडासह येणारा दिवसाचा प्रकाश मोजमापासाठी ६५०० केल्व्हिनचा धरतात. नळीच्या दिव्यात पाऱ्याच्या ठरावीक रेषा प्रबळ असतात. आजच्या एलईडी दिव्यांपैकी बहुतेक निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर देऊन पांढरे केलेले असतात. डोळ्याला हे सारे दिवे पांढरेच वाटतात, परंतु त्यांच्या पोटातील रंगांचे प्रमाण भिन्न असते.

यातूनच मेटामेरिझम नावाची अडचण उद्‌भवते. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत सारखे दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडतात. कारण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशाची संपूर्ण वक्ररेषा निरनिराळी असली, तरी त्या तीन पेशींना मिळणारा हिशेब सारखा आला की डोळा "रंग एकच" असा निर्णय देतो. दिवा बदलला की हिशेब बदलतो आणि गुपित फुटते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एक करडा काळा व पांढरा मिसळून तयार करावा. दुसरा अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर आणि पांढरा यांतून तयार करावा. खिडकीच्या उजेडात दोन्ही शक्य तितके एकरूप करावेत आणि मग दोन्ही कागद पिवळ्या दिव्याखाली व नंतर एलईडीखाली न्यावेत. फरक किती पडतो हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

यातून भिंतीसाठी निघणारा नियम स्पष्ट आहे. जुना रंग ज्या रंगद्रव्यांनी बनला असेल, शक्यतो त्यांच्याच साहाय्याने नवा तयार करावा. जुनी भिंत पिवडीने पिवळी केलेली असेल तर नवा रंगही पिवडीनेच, निदान पिवळ्या लोहऑक्साइडने करावा. झगझगीत सेंद्रिय पिवळ्याला काळ्याने मारून तोच रंग दिसेलही, पण तो एकाच दिव्यापुरता. शिवाय अंतिम निर्णय सकाळी, दुपारी आणि रात्री त्या खोलीतल्याच दिव्याखाली असा तीनदा घ्यावा. चित्रशाळेत उत्तरेच्या खिडकीचा उजेड पसंत करतात, कारण आपल्याकडे तो दिवसभरात फारसा पालटत नाही. भिंतीच्या नशिबी मात्र ती चैन नसते. तिला चारही प्रहर सोसावे लागतात.

४. पृष्ठभागाचे तीन गुण : तकाकी, पोत, शोषण

रंग हुबेहूब जुळूनही ठिगळ दिसते, असे जेव्हा घडते तेव्हा गुन्हेगार बहुधा पृष्ठभाग असतो. चकचकीत रंगावरून प्रकाशाचा काही भाग आरशासारखा एकाच दिशेने परततो. मळकट-मऊ, म्हणजे मॅट पृष्ठभागावरून तो सर्व दिशांना विखुरतो. म्हणून एकाच रंगाचे मॅट रूप अधिक फिके आणि तकाकीचे रूप अधिक गडद व भरलेले दिसते. खिडकीकडे तिरपे पाहिले तर तकाकीचा फरक चटकन उघडा पडतो. दुरुस्तीचा रंग घेताना त्याच प्रकारचा व त्याच तकाकीचा घेणे हे रंगाच्या क्रमांकाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा गुण पोताचा. जुनी भिंत रोलरने रंगवलेली असेल तर तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे असतात, आणि प्रत्येक उंचवट्याची स्वतःची सावली असते. त्या भिंतीवर ठिगळ ब्रशने मारले तर तेथे कुंचल्याच्या रेघा उमटतात. सावल्या निराळ्या पडतात आणि डोळा त्याला रंगातला फरक समजतो. तेव्हा ज्या हत्याराने भिंत रंगली त्याच हत्याराने ठिगळ रंगवावे.

तिसरा गुण शोषणाचा. नवा गिलावा आणि लांबी ही तहानलेली असतात. त्यांवर थेट रंग दिला की त्यातील बंधक शोषला जातो, रंगद्रव्य वर कोरडे उरते आणि तो भाग निस्तेज, पांढुरका दिसतो. त्यासाठी लांबी भरून, काचकागदाने घासून, प्रायमरचा हात देणे अगत्याचे आहे. प्रायमर टाळून वाचवलेले पैसे तिसऱ्या-चौथ्या हाताच्या रंगात दामदुपटीने जातात. ओल असेल तर तीही आधी काढली पाहिजे. लोणा लागलेल्या भिंतीवर कोणतीही जुळणी टिकत नाही. क्षार वर येऊन रंगाचे पोपडे काढतातच.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. जुन्या घरांतील तैलरंगांत, विशेषतः पांढऱ्या व पिवळ्या रंगांत, शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे थर खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि रोज तेच काम करणाऱ्या रंगाऱ्याच्या शरीरात ती साठत जाते. असा थर कोरडा घासू नये. पाणी शिंपडून ओल्या काचकागदाने घासावा, चांगला मुखपट्टा वापरावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि जमीन झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावी. आपली भिंत सुंदर व्हावी म्हणून दुसऱ्याचे रक्त विषारी होऊ देणे कोणत्याही सौंदर्यशास्त्रात बसत नाही.

५. ओला रंग आणि वाळलेला रंग

नवशिक्या माणसाची फसगत सर्वाधिक येथे होते. तो ओला रंग कोरड्या भिंतीशी जुळवत बसतो. वाळताना रंग बदलतो हे सर्वांना माहीत असते. पण तो कोणत्या दिशेने बदलतो हे रंगाच्या जातीवर अवलंबून असते.

चुना किंवा कोरडा डिस्टेंपर ओला असताना गडद व पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळ होतो. ॲक्रिलिक इमल्शन याच्या उलट. ते ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर किंचित गडद होते. दोहोंचे कारण एकच आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना दोघांच्या वक्रीभवनांकांत जितकी तफावत, तितका तो अधिक विखुरतो. खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटचा हा अंक सुमारे १.६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. चुन्याचे कण पाण्याने वेढलेले असताना तफावत कमी, म्हणून थर पारदर्शक. पाणी उडून त्या जागी हवा आली की तफावत वाढते आणि थर पांढराशुभ्र दिसतो. इमल्शनमध्ये राळेचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश विखुरून दुधाळपणा आणतात. पाणी उडाल्यावर ते थेंब एकमेकांत मिसळून काचेसारखा सलग पापुद्रा होतो, दुधाळपणा जातो आणि रंग खोल दिसतो. आधुनिक पांढऱ्या रंगांचा प्राण असलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक सुमारे २.७ इतका मोठा असल्यामुळे सलग पापुद्र्यातही तो भरपूर प्रकाश परतवतो. चुन्याला मात्र हवेची मदत लागते.

म्हणून नियम असा : जुळणी नेहमी वाळलेल्या रंगाची वाळलेल्या भिंतीशी करावी. जाड कागदाच्या पट्ट्यांवर दोन हात देऊन त्या पूर्ण वाळू द्याव्यात. पावसाळ्यात यास एक दिवसही लागेल. घाई असल्यास पट्टी पंख्याखाली धरावी, पण ओल्या रंगावर निकाल देऊ नये.

६. शेजाऱ्याचा परिणाम

पॅरिसच्या गोबलँ या गालिचे व जवनिका विणण्याच्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगकामाचा प्रमुख होता. काळे सूत पुरेसे काळे उतरत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपास करता त्याला आढळले की सुतात दोष नाही; निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणल्यामुळे ते काळे फिके भासते. या निरीक्षणातून त्याने रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी त्याचा उपयोग केला. १९६३ साली योसेफ आल्बर्स याने 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या ग्रंथात असेच प्रयोग विद्यार्थ्यांसाठी मांडले.

भिंतीच्या संदर्भात याचा अर्थ असा की लाल सोफ्यामागची फिकी भिंत हिरवट भासते आणि हिरव्या पडद्याशेजारची गुलाबीसर. घरमालक "भिंत हिरवट आहे" असे सांगतो, रंगारी हिरवा घालतो आणि सोफा हलवल्यावर ठिगळ उघडे पडते. यावर उपाय साधा आहे. करड्या रंगाच्या पुठ्ठ्याला शेजारी शेजारी दोन सारखी भोके पाडावीत. एका भोकातून जुना रंग व दुसऱ्यातून नमुना पाहावा. भोवतालचा गलबला झाकला गेला की डोळा खरे बोलू लागतो.

दुसरी गोष्ट कडेची. दोन जवळचे रंग एकमेकांना चिकटून असतील तर त्यांतील अल्प फरकही दिसतो. मध्ये चार बोटांचे अंतर किंवा एखादी उभी पट्टी आली की तोच फरक नाहीसा होतो. या एका तत्त्वावर पुढे सांगितलेला सर्वांत व्यवहार्य उपाय उभा आहे.

७. मिश्रणाची रीत

पांढऱ्या रंगात थोडा थोडा रंग घालत जावे. गडद रंगात पांढरा ओतून उजळ करण्याच्या फंदात पडू नये. त्यात माल वाया जातो. आधी लहान वाटीत, समजा १०० ग्रॅम पांढऱ्यावर, प्रयोग करावा आणि प्रत्येक स्टेनरचे किती थेंब पडले ते लिहून ठेवावे. लिहिले नाही तर जमलेला रंग पुन्हा जमत नाही. सर्व स्टेनरांची ताकद सारखी नसते. १९३५ च्या सुमारास बाजारात आलेली थॅलोसायनीन निळी व हिरवी रंगद्रव्ये इतकी जोरकस असतात की एका थेंबाने वाटीभर रंग पालटतो. लोहऑक्साइड त्या मानाने शांत स्वभावाचे.

रंग फार तीव्र झाला तर त्याचा पूरक रंग कणभर घालून तो शमवावा : गुलाबीकडे झुकला तर हिरवा, पिवळ्याकडे झुकला तर जांभळा. गडद करण्यासाठी सरसकट काळा वापरण्याची खोड टाळावी. काजळीचा काळा पांढऱ्यासोबत निळसर करडी छटा देतो आणि पिवळ्यात पडला की शेवाळी हिरवा करतो. क्रीम किंवा बदामी रंग खाली उतरवायचा असेल तर अंबर अधिक चांगला.

चुन्याच्या भिंतीला आणखी एक पथ्य आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने प्रशियन निळा त्यात नासतो. निळीतील अल्ट्रामरीन मात्र टिकतो. आपल्या आज्या-पणज्या चुन्यात नीळ घालीत, त्यामागे हे शहाणपण होते. नीळ पिवळेपणा झाकते आणि पांढरा अधिक पांढरा भासतो. गेरू, पिवडी यांसारख्या मातीच्या रंगांनाही चुन्याचे वावडे नाही.

८. यंत्राची मदत आणि तिची मर्यादा

आज रंगाच्या मोठ्या दुकानांत वर्णपटमापक यंत्र असते. भिंतीचा पोपडा त्याखाली ठेवला की निरनिराळ्या तरंगलांबींचा किती प्रकाश परततो हे ते मोजते आणि संगणक स्टेनरांचे प्रमाण सांगतो. या सोयीमागे मोठी परंपरा आहे. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने प्रमाण निरीक्षकाची, म्हणजे सरासरी मानवी डोळ्याची, संख्यात्मक व्याख्या ठरवली. त्याच वर्षी कुबेल्का आणि मुंक यांनी रंगाच्या थरातील प्रकाशाचे शोषण व विखुरणे यांचे गणित मांडले. १९७६ साली त्याच आयोगाने दोन रंगांतील अंतर एका आकड्यात सांगणारी पद्धत स्वीकारली. त्या मापाने साधारण एक-दोन एककांचा फरक सरावलेल्या नजरेला जेमतेम जाणवतो.

पण यंत्र पाहते ते पोपड्याचा एक छोटासा ठिपका. तो मळका असेल तर यंत्र मळाचाही रंग इमानाने मोजते. भिंतीचा पोत, तकाकी, समोरचा सोफा, संध्याकाळचा दिवा यांची त्याला खबर नसते. म्हणून पोपडा कपाटामागून न काढता ठिगळालगतच्या जागेतून, धारदार पात्याने, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा काढावा, पुसून न्यावा आणि यंत्राने दिलेल्या रंगाची आधी लहानशी डबी घेऊन पट्टीवर परीक्षा करावी. यंत्र आपल्याला शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन सोडते. ती शेवटची पायरी अजून डोळ्यानेच चढावी लागते.

९. ठिगळ कोठे संपवावे

वरील सर्व काळजी घेऊनही पूर्ण जुळणी न होण्याचा संभव राहतोच. मग अनुभवी रंगारी काय करतो? तो ठिगळ भिंतीच्या मध्यावर सोडत नाही. तो ती संपूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवतो. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड वेगवेगळ्या कोनातून पडतो. अगदी एकाच डब्यातला रंग असला तरी तेथे दोन्ही भिंती निराळ्या दिसतात, आणि डोळा तो फरक उजेडाच्या खात्यावर मांडतो. अल्पशी चूक त्यात बेमालूम खपून जाते. सर्व भिंत शक्य नसेल तर खांब, तुळई, चौकट किंवा पट्टी अशी एखादी नैसर्गिक हद्द गाठावी. तेही शक्य नसेल तेव्हाच कडा पातळ करत, कोरड्या रोलरने विरवत न्याव्यात. आणि ही युक्ती मॅट रंगातच साधते, तकाकीच्या रंगात नाही.

घरमालकाने येथे हिशेब नीट समजून घ्यावा. हातभर ठिगळासाठी दोन दिवस रंग जुळवत बसण्याच्या मजुरीत एक अख्खी भिंत रंगून होते. "एवढासा तर तुकडा" असे म्हणून आपण रंगाऱ्याकडे रंगकामातले सर्वांत अवघड काम सर्वांत कमी मजुरीत मागत असतो. तो "साहेब, पूर्ण भिंत मारू या" असे सांगतो, तेव्हा तो काम वाढवत असतो असे नेहमीच मानू नये. पुष्कळदा वर सांगितलेले सारे शास्त्र त्याने त्या एका वाक्यात सांगितलेले असते.

काम संपल्यावर उरलेला रंग लहान बरणीत, तोंडापर्यंत भरून, घट्ट झाकून ठेवावा. कंपनी, क्रमांक, घाण्याचा आकडा, तकाकी आणि तारीख कागदावर लिहून तो दाराच्या चौकटीवर आतून चिकटवावा. पुढच्या माणसाचे निम्मे काम त्यानेच होते.

१०. जुळणी कोठवर करावी?

येथवर आपण ठिगळ दिसू नये असे गृहीत धरले. परंतु काही भिंती अशा असतात की तेथे ठिगळ न दिसणे हाच अपराध ठरतो. अजिंठ्याचे उदाहरण घेऊ. तेथील चित्रांवर गेल्या दीड शतकात नकला करणाऱ्यांनी व जतन करणाऱ्यांनी चांगल्या हेतूने वॉर्निशाचे थर दिले. ते पुढे पिवळे व काळपट पडले आणि मूळ रंग झाकोळले. नंतरच्या रसायनज्ञांना ते थर काढण्यासाठी फार परिश्रम करावे लागले. अशा पिवळ्या थराशी जुळवून कोणी गळालेल्या भागात रंग भरला असता, तर थर निघाल्यावर ते रंग परके होऊन उरले असते. आणि मूळ रंगाशी बेमालूम जुळवून भरला असता, तर पंधराशे वर्षांपूर्वीचा हात कोणता आणि कालचा कोणता हे कळेनासे झाले असते.

या पेचावर इटलीत एक तोडगा निघाला. रोममधील केंद्रीय जतनसंस्थेत चेझारे ब्रान्दी व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात अशी रीत रूढ केली की चित्रातील रिकामी जागा जलरंगाच्या बारीक उभ्या रेषांनी भरावी. लांबून पाहता त्या रेषा शेजारच्या रंगात मिसळून चित्र अखंड दिसते. जवळ गेले की रेषा वेगळ्या दिसतात आणि दुरुस्ती आपण दुरुस्ती असल्याची कबुली देते. म्हणजे तेथेही रंगजुळणीचे कौशल्य पणाला लागते, फक्त ते कोठे थांबायचे हे विवेक ठरवतो.

आपल्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीला अर्थातच एवढी नीती नको. तेथे ठिगळ लपले तर कोणाचीही फसवणूक होत नाही. पण जुन्या वाड्यातील, देवळातील किंवा शाळेतील रंगीत भिंत दुरुस्त करण्याचा प्रसंग आला, तर डबा उघडण्यापूर्वी हा भेद मनाशी पक्का करावा.

समारोप

या अभ्यासातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, भिंतीचा रंग ही स्थिर वस्तू नाही. रंगद्रव्य, पृष्ठभाग, प्रकाश, शेजार आणि पाहणारा डोळा या सर्वांच्या संगनमताने ती घडते, आणि त्यांतील एक जरी पालटला तरी जुळणी ढळते. दोन, संपूर्ण जुळणी जेथे असाध्य असते तेथे फरक जागच्या जागी जिरवण्याची जागा शोधणे हेच खरे कसब होय. तीन, हे कसब पुस्तकाइतकेच हातात राहते, आणि आपल्या गावातील कितीतरी रंगाऱ्यांच्या हातात ते आहे.

रंगचक्र पाठ असणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी सुटीत एखाद्या रंगाऱ्याबरोबर दोन दिवस उभे राहून पट्ट्या वाळताना पाहिल्या, त्याला दोन गोष्टी विचारल्या आणि मन्सेलच्या तीन मापांविषयी दोन गोष्टी सांगितल्या, तर दोघांचाही लाभ होईल. आणि पुढे कधी आपल्याच घरी रंग जुळला नाही म्हणून मजुरी कापण्याची वेळ आली, तर हात आखडण्यापूर्वी खिडकी उघडून, सोफा हलवून, दिवा बदलून एकदा पुन्हा पाहावे.